भाच्याचा जिताडा

परवा पेणहून भाचा आला. हातात पिशवी, पिशवीत दीड किलोचा जिताडा. "मामा, तळ्यातला आहे. आता तरी खाऊन बघा."

आमच्या लालबागच्या घरात तळ्यातल्या मासळीला कधी मान नव्हता. चिखलाचा वास येतो, असं आई म्हणायची. स्वस्त तारली चालेल, पण समुद्रातली हवी! पण मंडळी, मी पिशवीकडे बघत गप्प बसलो त्याचं कारण वेगळं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याने कर्ज काढून खाडीकाठच्या तळ्यात जिताड्याची बोटुकली सोडली. खाद्य महाग, कारण त्यात मासळीची भुकटी. मी जन्मभर मराठी शिकवलं, पण काटकसरीचा सल्ला द्यायला कुठला विषय लागतो? म्हटलं, "सोयाबीनच्या पेंडीचं खाद्य घाल. प्रथिनं ती प्रथिनंच." त्याने ऐकलं. मासे वाढेनात, मरू लागले. चिरून पाहिले तर आतडी सुजलेली.

वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत शिकलेल्या त्याच्या मित्राने मग आम्हा दोघांची शिकवणी घेतली. माशाला दहा अमिनो आम्लं खाण्यातूनच मिळावी लागतात. सोयाबीनमध्ये त्यातलं मेथिओनिन कमी. आपल्या डाळीतही तेच कमी आणि तांदळात लायसिन कमी, म्हणून वरणभात एकमेकांची उणीव भरून काढतो. माशाला भात कोण वाढणार? म्हणून खाद्यात मेथिओनिन वरून मिसळतात. (तेही पाण्यात विरघळतं. खाद्याची गोळी लगेच खाल्ली नाही तर गेलं तळ्यात!) आतड्याच्या अस्तराला ताकद यावी म्हणून कुणी ग्लुटामिनही घालतात.

पण उणीव भरली म्हणजे आतडं बरं झालं, असं नाही. रिठ्याला फेस आणणारी सॅपोनिनं सोयाबीनमध्येही असतात. पेंड जास्त झाली की सॅमनसारख्या शिकारी माशाच्या आतड्याला त्यांनी दाह होतो. रोहूला पेंड सोसते. जिताडा पडला हाडाचा मांसाहारी.

भाच्याने पेंड निम्म्यावर आणली, भुकटी वाढवली, मेथिओनिन चालू ठेवलं. उरलेले मासे सावरले. तोवर अर्धे गेले होते, हप्ते चालूच होते. मला मात्र तो एका शब्दाने बोलला नाही.

आणि ही भुकटी कशाची, तर बऱ्याचदा तारलीसारख्या लहान मासळीची. म्हणजे आमच्या चाळीतल्या ताटातली तारली आता जिताड्याच्या पोटात! हा हिशेब मला अजून सुटलेला नाही.

असो. हिने आमसुलं घालून कालवण केलं. चिखलाचा वास कुठेच नव्हता. डोकं मी भाच्याच्या ताटात वाढलं.