उचकी

देहाचे काही व्यापार मनुष्याच्या इच्छेने चालतात, तर काही इच्छेवाचून. हात उचलावा असे वाटले म्हणजे तो उचलला जातो. हृदय मात्र कोणाच्या आज्ञेची वाट पाहत नाही. उचकीची तऱ्हा याहून निराळी. ती बोलावून येत नाही आणि हुसकावून जात नाही. भर सभेत वक्त्याचे विवेचन ऐन रंगात यावे आणि त्याच क्षणी त्याला उचकी लागावी! त्या एवढ्याशा आवाजापुढे त्याची सारी विद्वत्ता हतबल होते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाच्या आकाराचा स्नायू असतो. एरवी तो संथपणे खालीवर होतो व त्याच्या तालावर श्वासोच्छ्वास चालतो. परंतु पोट तडस लागेपर्यंत भरले, घास घाईघाईने गिळले, की या पटलाला चालविणारे मज्जातंतू चाळवतात. पटल एकाएकी आकसते, हवा वेगाने आत ओढली जाते आणि सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात कंठद्वार मिटते. धावत आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर दार लावावे, तसाच हा प्रकार! त्या दाराचा आवाज म्हणजेच उचकी.

उचकी कशी लागते हे कळले. ती कशासाठी लागते, याचे निश्चित उत्तर मात्र अद्याप मिळालेले नाही. मातेच्या उदरातील गर्भालाही उचक्या लागतात. २०१९ साली लंडनमधील संशोधकांना असे आढळले, की नवजात अर्भकाच्या प्रत्येक उचकीबरोबर त्याच्या मेंदूत तरंग उमटतात. श्वासाच्या स्नायूंवर ताबा मिळविण्याचा तो पहिला धडा असावा, असा त्यांचा तर्क आहे.

उचकीवरील उपायांची परंपरा फार जुनी आहे. चरकसंहितेत ‘हिक्का’ या नावाने तिचे पाच प्रकार वर्णिले आहेत. प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ या ग्रंथात नाटककार ॲरिस्टोफनीसला बोलण्याची पाळी येताच उचकी लागते. तेव्हा शेजारचा वैद्य त्याला श्वास रोखण्यास, गुळण्या करण्यास आणि तेवढ्याने न भागल्यास शिंक काढण्यास सांगतो. आपल्याकडे कोणी एका दमात सात घोट पाणी पिण्यास सांगतो, कोणी चिमूटभर साखर देतो, तर कोणी ‘काय चोरून खाल्लेस?’ असे एकदम विचारून दचकवतो. श्वास क्षणभर रोखला जावा, हेच यांतील बहुतेक उपायांचे मर्म असते.

मात्र उचकी नेहमीच थट्टेचा विषय नसते. अमेरिकेतील चार्ल्स ऑस्बॉर्न या शेतकऱ्याला १९२२ साली लागलेली उचकी १९९० साली थांबली. तब्बल ६८ वर्षे त्याने ती सोसली! दोन दिवस उलटूनही उचकी न थांबल्यास ती एखाद्या आजाराची खूण असू शकते. अशा वेळी घरगुती उपाय बाजूस ठेवून डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

महाराष्ट्रातील आजीला मात्र उचकीचे कारण केव्हाच ठाऊक असते. ‘कुणीतरी आठवण काढतंय बघ,’ असे ती म्हणते. मग मामा, मावशी, आत्या अशी एकेक नावे घ्यावयाची. ज्या नावाला उचकी थांबेल, त्याने आठवण काढली असे समजावयाचे. शास्त्राच्या कसोटीला हा समज उतरत नाही. उचकी बहुधा थोड्या वेळाने आपोआपच थांबते आणि त्या वेळी जे नाव ओठांवर असेल, त्याला मान मिळतो.

तरीही या समजुतीत एक सत्य दडलेले आहे. ज्या वृद्ध मातेचा मुलगा दूरदेशी नोकरीस गेला आहे, ती उचकी लागताच पहिले नाव त्याचेच घेते. उचकी थांबली नाही, तरी दुसरे नाव घेण्यास तिचे मन धजत नाही. तिकडे मुलाने तिची आठवण काढली की नाही, हे उचकी सांगू शकत नाही. परंतु इकडे मातेने मुलाची आठवण काढली, हे तर खरेच! उचकीच्या निमित्ताने ज्यांची ज्यांची नावे ओठांवर येतात, त्यांतील एखाद्याची जरी त्या दिवशी आपुलकीने विचारपूस झाली, तरी आजीचे म्हणणे अगदीच खोटे ठरणार नाही.