वरून दिसणारे सिंह

वेरूळच्या कैलास लेण्यात अंगणात उभं राहिलं तर मंडपाचं छत दिसत नाही. त्यासाठी बाजूच्या डोंगरावर चढावं लागतं. कड्यावरून खाली पाहिलं की मंडपाच्या माथ्यावर भलंमोठं कमळ उमललेलं दिसतं आणि त्यावर चार सिंह. पाकळ्यांची वर्तुळं नेमकी, सिंहांची अंगं भरलेली. पायथ्याच्या हत्तींवर जेवढा जीव ओतलाय तेवढाच इथंही. दर्शनाला येणारा अंगणातून आत जाणार, गाभाऱ्यात हात जोडणार आणि तसाच परतणार. मग हे कुणासाठी?

आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, हे देऊळ एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलं. शिखर आधी, जोतं शेवटी. सिंहांवर छिन्नी चालत होती तेव्हा त्यांच्याखाली देऊळ नव्हतंच, नुसता दगड होता. बडोद्याला सापडलेल्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात याच देवळाचं मानलं जाणारं वर्णन आहे. ते घडवणारा स्वतःच थक्क झाला, आपल्या हातून हे झालं कसं म्हणून, असं त्यात म्हटलंय. राजाचं नाव आहे, त्या थक्क झालेल्या माणसाचं नाही. मला तो फार जवळचा वाटतो.

तसंच मन लावून माझी एक मावशी चातुर्मासात लक्षवातींचा नेम करायची. परसात देवकापसाचं झाड होतं. दुपारची भांडी आवरली की ती पडवीत बसून बोंडं सोलायची, सरकी वेगळी काढायची, कापूस बोटांनी हलका करत करत ढगासारखा फुलवायची. मग चिमटीला जराशी राख लावून सूत ओढायचं, चार बोटांवर गुंडाळायचं, पीळ द्यायचा. वातींच्या जुड्या बांधून डब्यात. बोलणं चालू असायचं, सुनेची चौकशी, पावसाची चौकशी, पण हात थांबत नसत. एखाद्या वातीचा पीळ सैल पडला की ती उलगडायची आणि पुन्हा वळायची. लाखातली एक वात, तीही जाळायचीच! मी तसं म्हणाले तर ती खरोखर नवलानं माझ्याकडं बघत म्हणाली, "अगं, देवाला वाकडी वात देऊ?" उद्यापनाला सगळ्या वाती तुपात भिजवून पेटवल्या. आलेल्या बायका कौतुक करत होत्या, मावशीचं लक्ष ज्योतीकडं होतं. एका कडेला आग नीट धरत नव्हती, तिथं तिनं पळीभर तूप सोडलं. राख तुळशीत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुढच्या वर्षीचा कापूस सोलत होती.

देवासाठी करायचं म्हणजे भाव पुरे, कसर चालते, हे मला कधीच पटलं नाही. मला दिसलंय ते उलटंच. माणसाचा डोळा दमतो, दर्शनी बाजू पाहून खूश होतो. त्या डोळ्यासाठी काम करणाऱ्याला मागची बाजू सोडून देता येते. मावशीला ती सोय नव्हती. आणि अवघड भाग पुढंच आहे. माणसाची शाबासकी लगेच कानावर पडते, देवाकडून पोच येत नाही. काम त्याला आवडलं की नाही हे न कळताच पुढची वात वळायची. माझं नाव छापून येतं, वाचकाचं पत्र आलं की दिवस उजळतो, म्हणून या न येणाऱ्या पोचेवर आयुष्य काढणाऱ्यांपुढं मी मनापासून नमते.

सावता माळ्यांना मात्र पोच मिळाली, असं वारकरी मानतात. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्याकडं आला. आजही आषाढीसाठी इतर संतांच्या पालख्या पंढरपुराकडं निघतात, आणि सावता माळ्यांच्या अरणला मात्र पांडुरंगाचीच पालखी जाते. अरण सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. मला तिथं पालखीच्या गर्दीत जायचं नाही. एखाद्या साध्या दिवशी जाऊन तिथल्या मळ्यांत कुणी अजून भाजीचे वाफे घालतं का, पाणी विहिरीचं की कालव्याचं, आणि मिरचीला यंदा भाव काय मिळाला, हे विचारायचंय.