उन्हावर चालणारी बिऱ्हाडे

ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्सहून पश्चिमेला दोनेक तास मोटार हाकली, की क्वार्ट्‌झसाइट लागते. गाव कसले, वाळवंटातला फाटाच तो! कायमची वस्ती अडीच हजारांच्या आतबाहेर. पाहण्याजोगे म्हणाल तर हाजी अलीची समाधी. १८५६ साली अमेरिकन सैन्याच्या उंटांबरोबर आलेला हा उंटवाला. लोकांच्या जिभेला नाव पेलले नाही, म्हणून तो ‘हाय जॉली’ झाला. समाधीच्या दगडी पिरॅमिडवर तांब्याचा उंट उभा आहे.

पण खरी मौज हिवाळ्यातली. थंडी पडली, की उत्तरेकडची हजारो फिरती घरे येथे उतरतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते येथे डोळ्यांनी पाहावे! शेजारच्या ला पोसा या सरकारी माळावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलपर्यंत परवान्यावर राहता येते. मात्र गाडीला वीज जोडून घ्यायची सोय नाही. म्हणून गच्चीवर पापड वाळत घालावेत तशी टपाटपांवर सोलर पॅनेल. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तशी पॅनेलही टेकू लावून तिरपी करतात.

२०२५ च्या जानेवारीत भाच्याबरोबर मी गेलो, तेव्हा दोन शेजाऱ्यांत चर्चा चालली होती ती कराची. सौर साहित्याच्या खर्चाच्या ३० टक्के रक्कम केंद्र सरकारच्या आयकरातून वजा होई. ६,००० डॉलर खर्चले, तर १,८००. बॅटरी मात्र निदान ३ किलोवॅट-तासांची हवी. पण गाडीला घर म्हणावे कसे? निजायला जागा, रांधायची सोय आणि शौचकूप असले, की बोटीलाही घर मानण्याचा त्यांच्या करकायद्यात प्रघात आहे. त्याच आधारावर ही मंडळी सूट मागत. भाषेचा मास्तर असूनही घराची इतकी रोखठोक व्याख्या मला सुचली नसती.

शेजारच्या निवृत्त गृहस्थांना सूट मिळाली होती. दुसरी बॅटरी ते सावकाश घेणार होते. तीस टक्क्यांची मुदत २०३२ पर्यंत होती ना! पलीकडच्या बाई मात्र बारा महिने त्याच जुन्या गाडीत राहणाऱ्या. त्यांचा दिवा, पंप, शीतकपाट, सारे उन्हावर. त्यांना एक डॉलरही नाही. “माझं पेन्शन एवढंसं. त्यावर करच बसत नाही, मग वजा कशातून करणार?” असे त्या सहज बोलून गेल्या. उरलेली सूट पुढच्या वर्षी ओढता येई खरी. पण दरवर्षी शून्यच असेल, तर ओढून न्यायची कुठे? हौसेने चार महिने येणाऱ्याला सवलत, अन् उन्हावाचून ज्याचे अडते तो कोरडा, हे काही मला पटले नाही.

पुढे ४ जुलै २०२५ च्या कायद्याने ही सवलतच त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपवली. भाच्याने कळवले, की शेजाऱ्यांनी डिसेंबरात घाईघाईने दुसरी बॅटरी बसवून घेतली. बाईंनी जुनीच पॅनेल पुसून पुन्हा दक्षिणेकडे कलती केली.