चारशे पुस्तके आणि एकवीस बाइट

"ताई, जावा करू की पायथन?" मंडईत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही हा प्रश्न येतो. पुण्यातली नोकरी न सोडता मी वाईत बसून प्रोग्रॅमिंग करते, हे गावभर झाल्यापासून मी आपोआप सल्लागार झाले आहे. विचारणाऱ्याच्या फोनमध्ये अर्धवट सोडलेले चार-पाच कोर्स आधीच पडलेले असतात. त्याला आणखी एक हवा असतो.

आमच्या वेळी ही अडचण नव्हती, कारण निवडायला काही नव्हतेच. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' आणि टर्बो सीचा निळा पडदा, एवढ्यावर आमचा संसार उभा राहिला. पॉइंटरचे प्रकरण आले की निम्मा वर्ग गळायचा. ज्याला पुढे जायचे तो सी-डॅकच्या डिप्लोमाची तयारी करायचा. 1991 साली 'परम 8000' महासंगणक बांधणारी हीच ती पुण्यातली संस्था, याचे आमच्यासारख्या तालुक्याच्या पोरींना फार अप्रूप होते. आज एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत. इंग्रजीने बिचकणाऱ्यासाठी आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' मराठीतूनही आहे. एका बाजूला छोटा व्हिडिओ चालू ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करून बघायचे, अशी त्याची रीत. मला ती फार पटते, कारण नुसते बघून कोणाला प्रोग्रॅम लिहिता आल्याचे मी पाहिलेले नाही. थोडक्यात, शिकायचे साहित्य कमी पडते ही तक्रार आता कोणी करू नये.

वाईत तर मुळीच करू नये. 1917 साली विनोबा गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा काढून इथे आले. प्रकृती सुधारायची होती आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी बसून वेदान्ताचा अभ्यास करायचा होता. उपनिषदे, ब्रह्मसूत्रे, शांकरभाष्य हे सगळे त्यांनी केलेच. पण सोबत इथल्या मुलांचे एक विद्यार्थी मंडळही काढले आणि वाचनालय सुरू केले. वाचनालयाला पैसे हवेत म्हणून मुले आणि विनोबा जात्यावर दळण दळायचे, दोन शेराला एक पैसा दराने. त्यातून उभ्या राहिलेल्या वाचनालयात चारशे पुस्तके झाली. वाईच्या पोरांनी पुस्तकांसाठी पीठ दळले होते, हे मी 'डेटा पॅक संपला' म्हणणाऱ्याला हटकून ऐकवते. तो ओशाळतो, मग हॉटस्पॉट मागतो.

माझा जीव मात्र पुढच्या गोष्टीवर आहे. रजा संपताना विनोबांनी गांधीजींना सविस्तर पत्र लिहिले. काय वाचले, कोणाला काय शिकवले, किती चाललो, काय खाल्ले, कोणते नियम पाळले, सगळ्याचा हिशेब त्यात आहे. हिशेब द्यायला माणूस होता. तो वाचणार, नीट वाचणार आणि त्यावर काहीतरी म्हणणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. आमच्या धंद्यातली वाढ मला इथे अडलेली दिसते. प्रमाणपत्रांची चळत असते; केलेले काम वाचणारा नसतो.

मधल्या आळीतला एक मुलगा माझ्याकडे येतो. त्याच्या हातात एका पतसंस्थेच्या सभासद-नोंदणीचे काम होते. फॉर्ममध्ये 'गणेश' जात होता, 'सुनीता' जात होती, 'लक्ष्मण' मात्र अडत होता. मूल्य रकान्यात मावत नाही, असे डेटाबेस सांगत होता. रकाना वीसचा आणि नाव तर एवढेसे. त्याने एआय यंत्राला विचारून घेतले होते; हल्ली सगळेच घेतात, मीही घेते. यंत्राने रकाना पन्नासचा करायला सांगितले, याने केला, त्रुटीचा संदेश येईनासा झाला. काम झाले म्हणून तो मला दाखवायला आला.

मी एवढेच विचारले, "वीसात काय मावत नव्हते?"

त्याला सांगता येईना. मग दोन संध्याकाळी तो युनिकोडची आणि ओरॅकलची मूळ कागदपत्रे घेऊन बसला. 'लक्ष्मण' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाला त्यात ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, ण अशी सात चिन्हे दिसतात. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. सात त्रिक एकवीस. ओरॅकलमध्ये वेगळे बजावले नाही तर रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली जाते, म्हणून वीसच्या रकान्यात लक्ष्मण एका बाइटने बाहेर राहिला. पन्नासच्या रकान्यात तो बसला खरा; 'लक्ष्मणशास्त्री' आले की पुन्हा रडगाणे सुरू झालेच असते, कारण जोडाक्षरांसकट ती पंधरा चिन्हे, म्हणजे पंचेचाळीस बाइट, आणि त्याच रकान्यात वडिलांचे नाव जोडले की संपले. मुलाने लांबी चिन्हांत मोजायला लावली, प्रत्येक नावाला स्वतंत्र रकाना केला आणि बाकीचे सगळे रकानेही तपासले. हे तो ज्या कोर्समधून शिकला असता, तो कोर्स कोणी काढलेला नाही. आपल्या भाषेच्या अडचणी आपल्याच वाट्याला येतात आणि त्या सोडवणाऱ्याला, खरे तर, बाजारात किंमतही असते.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्र्यांचे नाव उगीच आले नाही. त्यांच्या हाताखाली याच गावात मराठी विश्वकोश घडला. 1976 मध्ये पहिला खंड निघाला, पुढे एकूण वीस झाले. नोंद कितीही मोठ्या तज्ज्ञाची असो, ती संपादकांच्या हातून गेल्यावाचून छापली जात नसे. आमच्याकडे याला कोड रिव्ह्यू म्हणतात आणि नवी मुले त्याला परीक्षा समजून घाबरतात. चांगल्या कंपनीत तो रोज होतो, वाईट कंपनीत सही करण्यापुरता. म्हणून नोकरी बदलायला निघालेल्यांना मी पॅकेजच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारायला सांगते: माझे काम तिथे कोण वाचणार? मुलाखतीत हे विचारायला हिंमत लागते, मान्य आहे. घरभाडे आणि हिंजवडीचे ट्रॅफिक यांच्यापुढे हा प्रश्न चैनीचा वाटतो, हेही मान्य. पण पाच वर्षांत पगार दुप्पट झालेले आणि पहिल्या वर्षाचेच काम पाच वेळा केलेले बरेच जण मी पाहिले आहेत. चाळिशीत त्यांची फार ओढाताण होते.

वाईत राहून वाचक कुठून आणायचा? मी एकटी किती जणांना पुरणार, आणि मला माझेही काम असते. मुक्त स्रोत प्रकल्पांत तो फुकट मिळतो, थोडा फटकळ असतो एवढेच. या मुलाने देवनागरी नावांची तपासणी करणारा आपला छोटा बदल अशाच एका प्रकल्पाला पाठवला. दोनदा परत आला. पहिल्यांदा इंग्रजी वर्णन कळेना म्हणून, दुसऱ्यांदा एकाच बदलात तीन वेगळी कामे घुसडली म्हणून. आता परीक्षकाने, तो कुठल्या देशातला आहे देव जाणे, चाचण्या कुठे आहेत असे विचारले आहे. मुलगा चाचण्या कशा लिहितात ते वाचतो आहे. जावा की पायथन, हे त्याने बऱ्याच दिवसांत विचारलेले नाही.