चाळीस टक्क्यांची पाटी आणि ज्वारीची भाकरी

गेल्या मार्गशीर्षात आम्ही शहापुरातील वडिलोपार्जित घर सोडून महांतेशनगरात राहावयास आलो. अंतर म्हणाल तर रिक्षाने वीस मिनिटांचे. तरीही शहापूर ते शहापूर. संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगलीकरांच्या राज्यात होते, आणि तेथील गल्ल्यांत आजही सकाळी दूधवाल्यापासून रात्री कुल्फीवाल्यापर्यंत सारा व्यवहार मराठीत चालतो. येथे आल्यावर पहिल्याच दिवशी नळदुरुस्तीला आलेल्या माणसाने माझ्याशी कन्नडमध्ये, सौ.शी हिंदीत आणि भ्रमणध्वनीवर आपल्या घरी मराठीत बोलणे केले. हा मुलूख आपल्याला नव्याने वाचावा लागणार, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आले.

स्वयंपाकघरातील ओट्याचे काम अपुरे होते आणि गॅसची जोडणी नव्या पत्त्यावर यावयाची होती. त्यामुळे सुमारे तीन आठवडे दोन्ही वेळचे जेवण बाहेर करणे प्राप्त झाले. वकिलाला टिपण ठेवल्यावाचून चैन पडत नाही. मी एका जुन्या रोजनिशीत तीन रकाने आखले : पदार्थ कसा, दर किती, आणि पाटीवर व तोंडी कोणती भाषा. पहिले दोन रकाने सौ.च्या उपयोगाचे होते. तिसरा माझ्या जुन्या खोडीचा. मराठी परिपत्रकांसाठी अर्ज, स्मरणपत्रे आणि पुन्हा अर्ज यांत ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्याला इडली खातानाही पाटी दिसतेच.

पहिले ठिकाण चौकातील उभ्याने खाण्याचे. इडली मऊ, सांबार गोडसर, चटणी पातळ. याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. तिसऱ्या रकान्यात मात्र एक गोष्ट टिपली. भिंतीवर न्याहारीसाठी ‘तिंडी’ असा बंगळुरी शब्द रंगविला होता आणि रांगेतला प्रत्येक कन्नड माणूस ‘नाष्टा एनैत्री?’ असेच विचारीत होता. चहाला ‘चहा’, बटाट्याला ‘बटाटी’, भुईमुगाला ‘शेंगा’ म्हणणारे हे उत्तर कर्नाटकाचे कन्नड आपल्या बोलीच्या इतके जवळचे आहे की बंगळूरच्या पाहुण्याला ते कधीकधी परके वाटते. आपणही काही कमी घेतलेले नाही. ‘उप्पीट’ हा शब्द आपण कन्नडकडून उचलला. उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. आपल्या ‘पुरणा’चे मात्र तिकडे ‘हूरण’ झाले, कारण जुन्या कन्नडमधील शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ होत गेला आणि पुरणही त्याच वाटेने गेले. सीमाप्रश्नाच्या कज्जात हा पुरावा कोणत्याही पक्षाने दाखल केलेला नाही.

दुसरे ठिकाण कोल्हापुरी म्हणविणारे. तेथे मी मोठ्या आशेने गेलो, हे कबूल करतो. मालक मराठी, गल्ल्यामागे शिवछत्रपतींची तसबीर, तसबिरीला ताजा हार. पण तांबडा रस्सा रंगानेच तांबडा होता. बोटांचा रंग संध्याकाळपर्यंत गेला नाही. पांढऱ्या रश्शाला नारळाचा वास कमी आणि मैद्याची चिकटाई अधिक. मटण नीट शिजले नव्हते. वाढणारी मुले झारखंड-ओडिशाकडची, कष्टाळू आणि नम्र. त्यांच्याशी हिंदीवाचून बोलणे शक्य नव्हते, आणि तो त्यांचा दोष नव्हे.

बाहेर येऊन मी पाटी पाहिली. वर कन्नड अक्षरे, खाली तितक्याच ठसठशीत इंग्रजी अक्षरांत तेच नाव. मराठी कोठेच नाही.

येथे थोडा कायदा सांगणे भाग आहे. कर्नाटकाच्या २०२२च्या कन्नड भाषा समग्र विकास अधिनियमात २०२४ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार व्यापारी फलकाचा साठ टक्के भाग कन्नडचा हवा, आणि तो वरच्या अंगाला हवा. ही सक्ती आपल्या भागात ज्या उत्साहाने राबविली जाते, त्याविषयी मी अन्यत्र पुष्कळ लिहिले आहे आणि त्यातील एकही शब्द मागे घेत नाही. महाराष्ट्रानेही २०२२ मध्ये सर्व दुकानांना मराठी पाट्या सक्तीच्या केल्या तेव्हा आपण टाळ्या वाजविल्या होत्या, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. तत्त्व तेच असताना तिकडे टाळी आणि इकडे निषेध, हा युक्तिवाद मला न्यायासनासमोर करता येणार नाही. जो करता येतो तो निराळा आहे : बहुसंख्यांच्या भाषेला मान द्यावा, पण उरलेल्या जागेत इतरांच्या भाषेला मज्जाव नसावा. २०२५च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत असलेला उर्दू मजकूर कायम ठेवला. मराठीच्या जोडीला उर्दू लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही, हा त्या निकालाचा गाभा. आपल्या लोकांनी तो निकाल जपून ठेवावा. तो उर्दूविषयी असला तरी त्यामागील विचार आपल्याही कामी येणारा आहे.

तेव्हा प्रश्न उरतो तो चाळीस टक्क्यांचा. त्या भागात मराठी लिहू नये असे अधिनियम कोठेही म्हणत नाही. दुसऱ्या खेपेस मी त्या मालकांना हे समजावून सांगितले. कोणी हरकत घेतली तर अर्ज फुकट लिहून देईन, असेही म्हणालो. त्यांनी अगत्याने सोलकढी पुढे केली. म्हणाले, “वकीलसाहेब, तुमचं खरं आहे. पण खाली इंग्रजी असलं की गिऱ्हाईक जरा वरच्या दर्जाचं येतं.” सोलकढी चांगली होती. पहिल्या रकान्यात तेवढे लिहिले.

तिसरे ठिकाण खानावळ. दर्शनी पाटी पूर्ण कन्नडमध्ये, आणि तिच्यावर शब्द कोणता? ‘खानावळी’. आपलाच शब्द, एक वेलांटी लावून. आत सहा बाके, स्टीलची ताटे, एका कोपऱ्यात चुलीसमोर बसून भाकऱ्या थापणाऱ्या साठीच्या बाई. त्यांचा मुलगा गल्ल्यावर. ताट नव्वद रुपये : दोन भाकऱ्या, भरली वांगी, मटकीची उसळ, कच्ची मेथी, कांदा, शेंगांची चटणी, वर भात आणि कटाची आमटी. वांग्यांत कारळ्याची पूड होती, जी हल्ली घरोघरच्या स्वयंपाकातून नाहीशी होत चालली आहे. भाकरी इतकी पातळ की तिच्या पापुद्र्याखालून ताटाची कड दिसावी, तरी मोडताना चुरा होत नाही. तव्यावरून उतरलेली भाकरी ताटात पडेपर्यंत फुगलेली असते; बाई ती बोटाने टचकन फोडतात आणि वाफ वर येते. माझ्या आईच्या मागे मी अशी भाकरी खाल्ली नव्हती. आठवड्यातून दोनदा अंबाडीची भाजी असते, ज्वारीच्या कण्या घालून केलेली. तिला तेथे ‘पुंडी पल्ल्या’ म्हणतात. त्या दिवशी बारा वाजताच गेलेले बरे, कारण एक वाजता ती संपते.

पहिल्या दिवशी मी बसलो आणि वाढप्याला म्हणालो, “भैया, एक थाली देना.” का म्हणालो, ते सांगता येत नाही. मी कन्नडमध्ये रोज साक्षीदारांची उलटतपासणी घेतो. भाषा येत नाही असे मुळीच नाही. नवीन वस्ती, अनोळखी माणसे, कोण कोणत्या बाजूचा कोण जाणे, तेव्हा मधली वाट म्हणून हिंदी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो होतो. सौ. मला हळूच म्हणाली, “मेथी आणखी मागा ना.” मी हात वर करून “थोडा मेथी” म्हणालो. चुलीकडून आवाज आला :

“तुम्ही मराठी न्हवं का? मग हिंदीत का मागायलाय?”

बाकावरची दोन-तीन माणसे हसली. मी काहीतरी पुटपुटलो. बाईंनी स्वतः उठून मूठभर मेथी आणून ताटात ठेवली. जेवण झाल्यावर बोलणे निघाले. त्यांचे माहेर जत तालुक्यातले, सांगली जिल्ह्यातले. घरची भाषा कन्नड. शिक्षण गावातील कन्नड शाळेत सातवीपर्यंत. मराठी शिकल्या त्या बाजारात आणि एस.टी.च्या थांब्यावर. लग्न होऊन बेळगावकडे आल्या तेव्हा सासरच्यांना त्यांचे कन्नड मराठी वळणाचे वाटे. मी सहज विचारले की महाराष्ट्रात असताना कन्नडवाचून अडचण होत असे काय. म्हणाल्या, “तलाठ्याकडं कागद मराठीत यायचा. वडिलांना वाचता येत न्हवता. मास्तरांकडून वाचून घ्यायचे.”

नेमके हेच वाक्य, भाषा आणि राज्य यांची अदलाबदल करून, मी किती निवेदनांत लिहिले असेल, त्याची गणती नाही. त्या वाक्यावर मला काही बोलता आले नाही. मी पैसे दिले. मुलगा म्हणाला, “सुट्टे असू द्या, उद्या येणारच की तुम्ही.”

चौथ्या दिवसापासून मी मराठीत मागू लागलो. बाई मराठीत उत्तर देत, मुलगा अर्धे मराठी अर्धे कन्नड, वाढपी बिचारा हिंदीतच. मग माझे लक्ष इतर बाकांकडे जाऊ लागले. तेथे जेवणाऱ्यांत निम्मे तरी आपले लोक असत. आपसांत मराठी बोलत, आणि वाढपी जवळ येताच हिंदीत वळत. आमटीला ‘दाल’, भाताला ‘चावल’, भाकरीला ‘रोटी’. बाईंनी तर आपण होऊन ‘भाकरी’ म्हटलेले होते. तिसऱ्या रकान्यात मी रोज एक आकडा मांडू लागलो : किती जणांनी मराठीत मागितले. चौदा दिवसांत सर्वांत मोठा आकडा चार होता, आणि त्यांत आम्ही दोघे धरलेले आहोत.

चौथ्या ठिकाणाविषयी थोडक्यात. सायंकाळी उद्यानाच्या कोपऱ्यावर एक गाडा लागतो. गिरमिट आणि मिरची भजी. चुरमुऱ्यांना चिंचेचे पाणी बेताचे, कांदा भरपूर, वरून फुटाण्याच्या डाळीची पूड. भजी तिखट पण पोटाला बाधत नाही. गाड्यावर पाटीच नाही, त्यामुळे साठ-चाळीसचा प्रश्नही नाही. गाडेवाला येणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून भाषा ठरवितो आणि बहुधा चुकत नाही. मला त्याने पहिल्याच दिवशी “या अण्णा” म्हटले. अण्णा हा शब्द मराठी की कन्नड, हे त्यालाही ठाऊक नसावे.

माघात गॅस आला आणि ओटाही झाला. आता घरी जेवतो. गेल्या रविवारी पुण्याहून मुलगा आला होता, त्याला खानावळीत नेले. त्याने बसता बसता तोंड उघडले, “भैया...” आणि मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. चुलीपाशी बाईंनी भाकरी उलटली. त्या दिवशी पुंडी पल्ल्या होती. दोन ताटे सांगितली आणि शेंगांची चटणी पाव किलो बांधून घेतली. कोल्हापुरी हॉटेलाच्या मालकांची पाटी दिवाळीला नव्याने रंगवायची आहे म्हणतात. मी अर्जाचा मसुदा करून ठेवला आहे.