विहिरीने नेलं

परवा शनिवारी लंडनमध्ये हृदयाची तपासणी करून आलो. 'कार्डियाक रिस्क इन द यंग' ही १९९५ सालची संस्था १४ ते ३५ वयाच्यांसाठी करते.

फॉर्मवर प्रश्न : घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय? म्हटलं, छे! टेबलावरच्या स्वयंसेवक बाईंचा मुलगा असाच गेलेला. त्या म्हणाल्या, "बुडून गेलेलेही धर हं."

पेन थांबलं... माझा काका. पट्टीचा पोहणारा, बाविसाव्या वर्षी विहिरीत गेला. आत डॉक्टरांनी सांगितलं, 'लाँग क्यूटी' या आनुवंशिक दोषात पोहताना ठोके बिघडू शकतात.

माझा ईसीजी ठीक निघाला. पण तेवढ्याने खात्री होत नाही म्हणे. रविवारी बाबांना फोन लावला. "तुम्ही आणि दादा ईसीजी काढून घ्या."

"अरे, त्याला विहिरीने नेलं." मग बराच वेळ गप्प. मग हळूच, "उपाशीपोटी जायचं का रे?"