आईची किल्ली

बाबा गेल्यावर त्यांचे फोटो, जमिनीचे कागद, दवाखान्याच्या फायली असं सगळं स्कॅन करून मी कोकणातल्या घरी एका रास्पबेरी पाय ४ वर ठेवलं. पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर, आणि त्याची सगळी साठवण नखाएवढ्या मेमरी कार्डात. कुणी ते काढून नेलं, की आमचं अख्खं घर त्याच्या खिशात. म्हणून सुरू होण्यापुरता छोटा भाग सोडून सगळं कार्ड एन्क्रिप्ट केलं.

एईएस ही नेहमीची कूटपद्धत झपाट्याने चालवणारी सोय या पायच्या प्रोसेसरमध्ये नाही. म्हणून मी एडियंटम निवडलं. गूगलच्या इंजिनिअरांनी स्वस्त फोनांसाठी ते २०१९ मध्ये जाहीर केलं. नाव एका नेच्याचं. आमच्या विहिरीच्या दगडांत उगवणारा हंसराज त्याच जातकुळीतला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

जूनच्या पहिल्या वादळात वीज गेली. परत आली तेव्हा पाय पासवर्ड मागत थांबला. बरोबरच होतं, न विचारता उघडेल ते कुलूप कसलं? पण मी पुण्यात. दुरून उघडायला ड्रॉपबेअर वापरता येतं, पण ते काम मी 'पुढच्या खेपेला' म्हणून ठेवलं होतं.

मग फोनवरून आईला २२ अक्षरं सांगितली. टाइप करताना टीव्हीवर काहीच उमटत नाही. "अरे, काही येतच नाहीये," ती म्हणत राहिली. तिसऱ्यांदा उघडलं. मग ती हळूच म्हणाली, "ह्यांचे फोटो बघायला मी तुला विचारायचं होय रे?"

मी चोराचा विचार केला होता, तिचा नाही. माझाही नाही. मला काही झालं असतं तर ते फोटो कुणालाच उघडता आले नसते. इथे 'पासवर्ड विसरलात?' असं बटण नसतं.

लक्समध्ये (साबण नव्हे, लिनक्समधली कुलूपव्यवस्था) एका कुलपाला अनेक किल्ल्या ठेवता येतात. जुन्या आवृत्तीतही ८. गणपतीत घरी गेल्यावर आईसाठी एक जोडली. "एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घे," म्हटलं आणि पाठ फिरवली. तिने बराच वेळ विचार केला, मग एकेक अक्षर शोधत टाइप केलं. दोनदा.

परवा पुन्हा वीज गेली. तिचा फोन आला नाही. रात्री मीच केला, तर म्हणाली, "कधीच सुरू केलंय."